बहिणीच्या गावावरून जाताना

माझ्याकडे सहलींची एक वही होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात आठ रकाने आखलेले होते: ठिकाण, घरापासूनचं अंतर, निघालो ती वेळ, पोचलो ती वेळ, सावली, पिण्याचं पाणी, बायकांची सोय आणि खायला काय. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास एका रविवारी मी हे रकाने ठरवले आणि पुढे दहा-बारा वर्षं त्यांत बदल करावा लागला नाही.

मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीच्या कामावर होतो. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापं घ्यायची, नकाशाशी ताडून पाहायची. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक निघाला तरी भाग बाजूला ठेवायचा. आठवड्याचे सहा दिवस हे काम केल्यावर सातव्या दिवशी माणूस एकदम सैल होत नाही. पत्नी म्हणायची, "अहो, विमान उडवायचं नाहीये आपल्याला. नऊच्या ऐवजी सव्वानऊला निघालो तर धरण काही पळून जात नाही."

सुरुवातीला स्कूटर होती. थोरली मुलगी पुढे उभी, धाकटी आम्हा दोघांच्या मध्ये, पत्नी मागे एका बाजूला पाय सोडून, आणि डब्याची पिशवी पुढच्या हुकाला. वेग पस्तीसच्या वर न्यायचा नाही, असा माझा नियम होता. त्यामुळे सहलीची कक्षा वीस किलोमीटरांची: सोमेश्वर, पांडवलेणी, गंगापूर धरण, नाहीतर रामशेजचा पायथा. सोमेश्वरला भाजलेलं कणीस मिळायचं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ताक. धरणावर काहीच नाही, म्हणून घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

पुढे एका सहकाऱ्याने त्याची जुनी व्हॅन विकायला काढली, ती मी घेतली. कक्षा एकदम साठ किलोमीटरांवर गेली. एवढ्या लांब जायचं म्हणजे जेवण बाहेर करणं आलं. आणि बायकामुलांना घेऊन बाहेर जेवणं हा त्या काळी नाशिकच्या आसपासच्या रस्त्यांवर सोपा विषय नव्हता. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढे भट्टी, काचेच्या कपाटात भजी, शेव आणि सकाळची बुंदी. बायका आल्या की मालक त्यांना आतल्या 'फॅमिली रूम'मध्ये पाठवायचा. ती म्हणजे एक पडदा लावलेला कोनाडा. पडद्याच्या कडेला लोकांनी हात पुसलेले असायचे.

पत्नीची स्वतःची तपासणी होती, ती माझ्यापेक्षा कडक. आधी पाण्याचा पिंप बघायची, मग मागच्या बाजूला जाऊन भांडी कुठे घासतात ते बघायची, आणि शेवटी मालकाचं नख. तिन्हींत पास झालं तर मुलींना खाली उतरवायचं. नाही तर ती गाडीच्या खिडकीतून नुसती मान हलवायची आणि मी गिअर टाकायचा. पहिल्या वर्षी आम्ही चौदा हॉटेलं तपासली. त्यांतली तीन पास झाली.

त्या तिनांतलं एक दिंडोरीच्या पुढे, एका फाट्यावर होतं. सगळी गोष्ट त्या हॉटेलची आहे. पण त्याआधी माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं.

आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला दिंडोरीच्या पुढच्याच एका खेड्यात दिली होती. आमच्या म्हसरूळच्या घरापासून तिचं गाव चोवीस किलोमीटर, मुख्य रस्त्यापासून एक किलोमीटर आत. द्राक्षाची बाग, थोडा कांदा, टोमॅटो, दोन म्हशी. घरात दाजी, दोन मुलगे, आणि अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत धाकटे दीर-जाऊ. आमचे आई-वडील दोन वर्षांच्या अंतराने गेले. तेव्हापासून आक्काचं माहेर म्हणजे माझं घर, दुसरं नाही.

व्हॅन घेतल्यावर पहिली लांबची सहल आम्ही दिंडोरीच्या पुढच्या धरणावर काढली. वाटेत आक्काचं गाव, म्हणून साडेदहाला तिच्या दारात गाडी उभी केली. विचार असा, की चहा घेऊ आणि अकराला निघू.

फेब्रुवारी होता, द्राक्षाची काढणी चालू. आक्काने आम्हाला पाहिलं आणि कंबरेला खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला. "आले गं बाई! आता जेवल्याबिगर हलायचं नाय." मी घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "ते काढून ठेव तिकडं." दाजींना बागेतून बोलावणं गेलं. ते कात्री हातात घेऊनच आले आणि माझ्याशी बोलत बसले. तिकडे सहा मजूर मालकाची वाट बघत बांधावर बसले होते, ते मला ओट्यावरून दिसत होते. खुराड्यातल्या पाच कोंबड्यांपैकी एक कमी झाली. शेजारून तूप आलं, दुसऱ्या घरून तांदूळ आला. आम्ही दोन वाजता जेवलो. जेवण उत्तम होतं, त्यात शंका नाही. मुली बाजरीची भाकरी रश्श्यात कुस्करून हाताची बोटं चाटत होत्या. निघालो तेव्हा गाडीत एक पेटी द्राक्षं, एक गोणी कांदे आणि मुलींच्या मांडीवर टोमॅटोची पाटी. धरण राहिलंच.

परत येताना मी पत्नीला म्हणालो, "आपल्या एका चहाने तिचा अख्खा दिवस खाल्ला. सहा मजूर तीन तास बसले."

"त्यांनी आनंदानं केलं," ती म्हणाली.

"आनंदानं केलं म्हणून काय झालं? आपण दर महिन्याला या रस्त्याने यायचं आणि दर महिन्याला तिची एक कोंबडी कमी करायची का?"

पुढच्या वेळी आम्ही त्या रस्त्याने गेलो तेव्हा आक्काच्या गावाच्या फाट्यावर मी गाडी हळू केली, आणि पुन्हा वेग घेतला. मला वाटलं, मी बहिणीचा विचार केला. आजही प्रामाणिकपणे सांगतो, मला तसंच वाटलं होतं.

तिथून तीन किलोमीटरवर ते हॉटेल. पत्र्याची शेडच, पण भोवती कडुनिंबाची चार मोठी झाडं, झाडांखाली बाकं, आणि मागे भिंत घालून बायकांसाठी केलेली स्वच्छ सोय. पत्नीच्या तिन्ही परीक्षांत पहिल्या फटक्यात पास. मालक चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मिसळ झणझणीत, पण लेकरांसाठी तो तर्री न टाकता नुसती मटकी, दही आणि शेव वेगळ्या वाटीत द्यायचा. हे न सांगता. असं करणारा त्या रस्त्यावर दुसरा कोणी नव्हता. मुलींना तिथे क्रीम रोल मिळायचा. वहीत मी त्या हॉटेलसमोर 'उत्तम' असं लिहिलं. हा शेरा मी फार कमी वेळा दिलेला आहे.

एकदा मालकाने विचारलं, "साहेब, नेहमी येता या रस्त्यानं. कुणी पाव्हणं-रावळं हाय का इकडं?"

मी खोटं बोलत नाही. म्हणालो, "इथं मागच्या गावात बहीण दिलीय." आणि कोणाकडे तेही सांगितलं.

"असं का!" तो म्हणाला. "ते घर माहीत हाय मला." त्याने आमच्या ताटल्यांत न मागता आणखी रस्सा ओतला. मला ते आदरातिथ्य वाटलं.

कारखान्यात माझ्या वहीची ख्याती झाली होती. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत माणसं यायची. "उद्या सासू-सासरे आहेत बरोबर, जिने नकोत, कुठं जाऊ?" "लेकरू दीड वर्षाचं आहे, सावली पाहिजे." मी वही उघडून सांगायचो. दिंडोरी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी त्या फाट्यावरचं हॉटेल सांगायचो आणि म्हणायचो, ओझरच्या कारखान्यातून आलोय म्हणा, नीट बघेल तो. त्या चार वर्षांत निदान तीस कुटुंबं मी तिकडे पाठवली असतील.

अशी चार वर्षं गेली. मग एका दिवाळीत आक्का भाऊबिजेला आली.

ती दरवर्षी सकाळच्या एसटीने यायची आणि येताच स्वयंपाकघरात शिरायची. त्या वर्षी साडेबाराला आली. ओवाळलं. कपाळाला टिळा लावला, सुपारी फिरवली, सगळं रीतसर. माझ्याकडे मात्र नीट बघितलं नाही. पत्नीने बासुंदी केली होती, पुऱ्यांचं पीठ मळून तयार होतं.

"आक्का, हात धुवा. पानं घेते," पत्नी म्हणाली.

"नको गं. मी खाऊन आले."

"खाऊन? कुठं?"

"सीबीएसला. मिसळ खाल्ली दोन पावांसंगं. बरी होती. म्हटलं, तुम्हाला कशाला तरास? चार माणसांचा सैपाक, त्यात मी पाचवी. गॅसपाशी किती वेळ उभी राहशील तू?"

मी म्हणालो, "आक्का, भाऊबिजेला कुणी स्टँडवर खाऊन येतं का?"

"बहिणीच्या दारावरून जाऊन कुणी हॉटेलात खातं का?" ती म्हणाली.

पत्नीने झारा खाली ठेवला. मुली बाहेरच्या खोलीत गेल्या.

आक्का पाटावरून उठली नव्हती. ओवाळणीचं ताट तिच्या पुढ्यात तसंच होतं. ती सावकाश बोलली, आवाज न चढवता. "मागल्या महिन्यात आम्ही पाच-सहा जणी शेंगा तोडत बसलो होतो. माझी जाऊ म्हणती, बाई, तुमचा भाऊ आमच्या भावाच्या हॉटेलचा पक्का गिऱ्हाईक हाय. नुसता स्वतः येत नाय, कारखान्यातली माणसं पण धाडतो. तुमच्या हातचं पचत नाय का त्याला? सगळ्या हसल्या. मी काय बोलणार? मला ठाऊकच नव्हतं तू येतो ते."

तो मालक आक्काच्या जावेचा भाऊ होता. हे मला त्या क्षणी कळलं.

"आई-बाप असते तर त्यांच्यापाशी बोलले असते," आक्का म्हणाली. "आता माहेर म्हणजे तू. आणि माझं माहेर तीन किलोमीटरवर बाकावर बसून परक्याचं खातं, हे सगळ्या गावाला ठाऊक. मला सोडून."

या ठिकाणी मी गप्प राहायला हवं होतं. पण मला वाटलं, कारण नीट मांडलं तर तिला पटेल. मी सांगितलं. सहा मजूर, तीन तास, एक कोंबडी, शेजारचं तूप. आम्ही चार माणसं म्हणजे बारा भाकरी, दोन भाज्या, भात, म्हणजे तिचा दीड तास चुलीपुढे.

"दीड तास?" आक्काने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "बारा भाकरींना दीड तास लागतो व्हय मला? आठ मजुरांचं पाऊण तासात करून मी वावरात जाती. हिशेब पण चुकीचा तुझा."

पत्नीला हसू आलं, ते तिने पदराआड दाबलं. आक्का हसली नाही. तीनच्या एसटीने ती गेली. बासुंदीला तिने बोट लावलं नाही.

संध्याकाळी मी वही काढली. चार वर्षांत त्या रस्त्याने आम्ही तेरा वेळा गेलो होतो. आक्काकडे थांबलो होतो दोन वेळा. अकरा वेळा तिच्या फाट्यावरून पुढे. मी आकडा पत्नीला सांगितला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वही उघडली की समोरच्याने काय बोलायचं?"

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. आक्काने दार उघडलं, "या," म्हणाली. पाट मांडला. पाटाभोवती रांगोळीच्या चार रेघा ओढल्या. तांब्या-भांडं ठेवलं. डोक्यावर पदर घेऊन वाढायला आली. मला लहानपणी कडेवर घेऊन विहिरीवर जाणारी ही बहीण. तिने माझ्या पानात तिसरी भाकरी ठेवली आणि म्हणाली, "घ्या ना, पाव्हणे. संकोच करू नका."

तो 'घ्या' मला फार लागला. दाजी समोर बसले होते. त्यांनी पानातच बघत जेवण चालू ठेवलं.

जेवण झाल्यावर दाजी बागेत गेले. आक्का उंबऱ्याशी बसून लसूण सोलू लागली. मीही चार पाकळ्या घेतल्या. माझ्याने सालं नीट निघत नव्हती. मग तिने विचारलं, "तुम्ही त्या धरणावर जाऊन करता काय?" तुम्ही म्हणजे आम्ही सगळे, एवढं तरी बरं वाटलं.

"काही नाही. बसतो."

"नुसतं?"

"पोरी पाण्यात पाय घालतात. ही काहीतरी विणत बसते. पक्षी असतात, ते बघतो. डुलकी काढतो. चारला चहा पिऊन निघतो."

"देव नाय तिथं?"

"नाही."

"कुणाचं लग्न-कार्य पण नाय." ती हे स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. लसणाची टरफलं फुंकरीने उडवली. "मला या गावात एकोणतीस वर्षं झाली. त्या धरणाचं पाणी पाटानं आमच्या वावरात येतं, तेवढं मला ठाऊक. धरण पाहिलं नाय मी."

तिच्या घरापासून धरण सात किलोमीटर होतं. मी मनात धरण, हॉटेल आणि तिचं घर अशी तिन्ही ठिकाणं मांडून पाहिली. चार वर्षं मी तिचं घर फक्त 'खायला काय' या रकान्यात धरत आलो होतो. तिथे थांबायचं की नाही, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. गाडीत मागे एक जागा दर वेळी रिकामी असायची. त्या जागेवर डब्याची पिशवी असायची.

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो. दहाला तयार राहा. तुला घेऊन जातो."

"मी? आणि म्हशी?"

"दाजींना विचारू."

दाजींना बागेत जाऊन विचारलं. ते म्हणाले, "जाऊ दे की. म्हशी काय पळून चालल्या? मी बघतो." मग म्हणाले, "लय मनाला लावून घेतलंय तिनं. रातचं जेवत नव्हती नीट." एवढं बोलून ते पुन्हा फवारणीच्या पंपाकडे वळले.

पुढचा रविवार. आम्ही दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. आक्का हिरवं काठापदराचं नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून ओट्यावर उभी. पलीकडच्या खोलीच्या दारात तिची जाऊ, हातात झाडू. झाडणं केव्हाच थांबलेलं होतं.

"कुठं निघाल्या, बाई? कुणाचं लग्न हाय?"

"लग्न नाय," आक्का म्हणाली. "भाऊ फिरायला नेतो."

पत्नी आधीच मागे जाऊन बसली होती. आक्का पुढे माझ्या शेजारी बसली. मी पाटाच्या बाजूने जवळच्या वाटेने गाडी वळवत होतो, तर तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"इकडून नको. मारुतीच्या पारावरून घे."

"तिकडून सातशे मीटर जास्त आहे, आक्का."

"असू दे. आणि हळू घे."

पारावर रविवारची आठ-दहा माणसं बसलेली होती. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी नेली. आक्काने कुणाकडे बघितलं नाही, हात केला नाही, काही नाही. पदर सारखा केला आणि समोर बघत राहिली. पार मागे पडल्यावर म्हणाली, "आता पळव."

धरणावर पोचल्यावर ती भिंतीवर उभी राहून पाण्याकडे बघत राहिली. मुलींनी तिला हाताला धरून काठाशी नेलं. साडी घोट्याच्या वर धरून तिने पाय पाण्यात घातले, आणि ओरडली, "गार हाय गं!" मुलींना आत्या ओरडलेली माहीतच नव्हती, त्या खिदळत सुटल्या. मग आम्ही सावलीत सतरंजी टाकली. आक्का बसली. दहा मिनिटांनी तिने विचारलं, "आता काय करायचं?"

"बसायचं."

"किती वेळ?"

"साधारण दोन तास."

"दोन तास नुसतं?" तिने सतरंजीच्या कडेचं गवत उपटायला सुरुवात केली. हात रिकामे ठेवायची सवयच नव्हती. पत्नीने तिच्या हातात लोकरीचा गुंडा दिला, तो तिने उलगडून पुन्हा गुंडाळला, अधिक घट्ट. मग तीही थकली. पाऊण तासाने पाहिलं तर आक्का हाताची उशी करून झोपली होती. दुपारी बाराच्या उन्हाच्या वेळी झोपलेली आक्का मी कधी पाहिली नव्हती. मी मुलींचं पाण्यात दगड टाकणं थांबवलं.

ती एक वाजता उठली. म्हणाली, "भूक लागली. चल, त्या हॉटेलात."

मी म्हणालो, "आक्का, आज तुझ्याच घरी जेवू. आम्ही त्याच तयारीने आलोय."

"ते संध्याकाळी. आता हॉटेलात."

पत्नीने माझ्याकडे बघून मान हलवली, की बोलू नका. मी गाडी काढली.

हॉटेल भरलेलं होतं. मालकाने गाडी पाहिली, मग पुढच्या दारातून उतरणाऱ्या आक्काला पाहिलं. डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "या ताई," एवढंच म्हणाला. आक्का कडुनिंबाखालच्या मधल्या बाकावर बसली. आजूबाजूला तिच्या गावची दोन-तीन ओळखीची माणसं होती, एक जण उठून रामराम करून गेला. मिसळ आली. आक्काने आधी रस्सा हुंगला, मग एक घास घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मालकाला म्हणाली, "मटकी एक शिट्टी कमी हाय. बाकी बेस."

"सांगतो आत," तो म्हणाला.

"आणि तुमच्या बहिणीला पण सांगा. माझ्या भावानं मला धरण दाखवायला आणलं होतं, आणि इथं खायला पण घातलं. त्याला हॉटेलचं पण चालतं आणि माझं पण. संध्याकाळी घरी जेवायला हाय तो."

मालक हसला. बरा माणूस होता तो. म्हणाला, "ताई, मी घरी सहज बोललो होतो. तुमचा भाऊ चार गिऱ्हाईकं धाडतो म्हणून कौतुकानं. त्याचं असं होईल, हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक तर यालाही नव्हतं," आक्का माझ्याकडे बोट करून म्हणाली. "मोजमापाचा साहेब हाय हा." आणि तिने आणखी रस्सा मागितला.

संध्याकाळी तिच्या ओट्यावर आम्ही पिठलं-भाकरी जेवलो. बारा भाकरी. मी घड्याळ बघितलं नाही, पण आक्का परातीवरून उठताना म्हणाली, "सांग आता, किती वेळ झाला?" पत्नीने सांगितलं, अर्धा तास. आक्काने माझ्या पानात भाकरी टाकली. "खा," म्हणाली.

निघताना तिने नियम घालून दिला. या रस्त्याने येशील तेव्हा आधी माझ्या दारात. पाणी आणि चहा, बाकी काही नाही. दाजींना बागेतून बोलावणार नाही. मला सवड असली तर मी गाडीत बसेन, नसली तर तुम्ही पुढे व्हा, पण पाणी पिऊन. मी म्हणालो, दहा मिनिटं. ती म्हणाली, पंधरा. पंधरावर ठरलं.

पुढे त्या रस्त्याचं रूप बदललं. दोन हजार सालानंतर रस्ता रुंद झाला, हॉटेलांच्या पाट्यांवर 'गार्डन' आणि 'फॅमिली' आलं, मुलांसाठी झोपाळे आणि घसरगुंड्या आल्या, द्राक्षांच्या मांडवाखाली मिसळ मिळू लागली आणि तिच्यासाठी शहरातून गाड्यांची रांग लागू लागली. पत्नीच्या परीक्षेत आता बरीच हॉटेलं पास होतात. आक्का आमच्याबरोबर वणीच्या गडावर आली, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला आली, येवल्याला पैठणीचे माग बघायला आली. मागावरच्या विणकराला तिने इतके प्रश्न विचारले, की आम्ही तिथे ठरल्यापेक्षा एक तास जास्त थांबलो. गावात तिला बायका विचारायच्या, "या रविवारी कुठं?" ती सांगायची, "बघू, भाऊ काय म्हणतो." मला तर तीच फोन करून ठिकाण सांगायची.

त्या पहिल्या धरणाच्या सहलीनंतर दीडेक महिन्याने आम्ही पुन्हा तिच्या दारात गाडी उभी केली. आक्का तयार होती. तिच्या मागे तिची जाऊ, धुतलेलं पातळ नेसून, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. ती माझ्याशी बोलली नाही. आक्कालाच म्हणाली, "बाई, गाडीत जागा हाय का एक?"

आक्काने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बराच वेळ लावला. मग पुढचं दार उघडून स्वतः बसली आणि खिडकीतून म्हणाली, "बस मागं. डबा कशाला घेतला? तुझ्या भावाच्या हॉटेलात खायचंय आपल्याला."